गेरूचा पट्टा

वाघजाईवाडीतला पोरगा फौजेत भरती झाला, की ट्रेनिंगला निघायच्या आधी त्यानं फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याकडेला एक झाड लावायचं, ही चाल सुभेदार लालासाहेब जगतापांनी पाडली. ते स्वतः भरती झाले तेव्हा अशी चाल नव्हती, त्यामुळे त्यांचं झाड नव्हतं. झाडाला पत्र्याची पाटी असायची. पाटीवर पोराचं नाव, बापाचं नाव आणि भरतीचं साल. पाणी घरच्यांनी घालायचं. सुभेदार रोज सकाळी फाट्यापर्यंत चालत जायचे आणि कुणाचं आळं कोरडं दिसलं, तर परत येताना त्या घरासमोर उभे राहायचे. बोलायचे काही नाही. घरातली बाई कळशी घेऊन निघाली की पुढं चालू लागायचे.

या शिस्तीत रस्ता चांगला सावलीचा झाला होता. शिरीष होते, गुलमोहर होते, सिल्व्हर ओक होते, एक करंज होता. करंज तानाजीचा. तानाजी ट्रेनिंग सेंटरातून महिना भरायच्या आत पळून आला, तेव्हा त्याचं झाड उपटून टाकावं असं गावात बऱ्याच जणांचं मत पडलं. सुभेदार म्हणाले, "झाड कुठं पळालंय?" म्हणून ते राहिलं आणि भलतंच जोमानं वाढलं. तानाजी पुढं शिरवळच्या एका कारखान्यात लागला. कामावर जाता-येता त्याला त्याच झाडाखालून मोटारसायकल काढावी लागायची. खाली बघून काढायचा.

पहिली तक्रार साळूबाईनं आणली. साळूबाई सुभेदारांची शेजारीण, त्यांच्या मरून गेलेल्या दोस्ताची बायको. तिचा शिवतेज फौजेत होता, वर बर्फात कुठंतरी.

"भावजी, शिवतेजच्या झाडाचा पाला गळाया लागलाय."

"गुलमोहर हाय, वयनी. गळतोच."

"भादव्यात?"

सुभेदार बघायला गेले. खोडावर दाभणानं टोचावं तशी भोकं पडली होती आणि काही भोकांतून भुशाची बारीक शेवई बाहेर आली होती. सालीवर तेलकट डाग होते. सुभेदारांनी आधी चुना लावला, मग रॉकेल लावलं, मग कडुलिंबाचं तेल. झाडानं कशाचीच दखल घेतली नाही. शेवटी तानाजीनं मोबाइलवर फोटो काढून कारखान्यातल्या कुणाला तरी पाठवले, तिथून ते आणखी कुणाकडं गेले, आणि एक दिवस दीपमाला माने नावाची मुलगी गाडीतून उतरली. सांगलीकडची. झाडांचे रोग हाच तिचा अभ्यास. तिनं पटाशीनं सालीचा एक चौकोन काढला. खालचं लाकूड पांढरं असायला हवं होतं, ते चहाचा कप लवंडल्यासारखं काळपट तपकिरी झालं होतं. एका भोकातून तिनं चिमट्यानं काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं. तिळाएवढा काळा भुंगेरा होता. एवढ्याशा जिवासाठी गाव गोळा झालं होतं, त्यामुळे मागच्यांना काहीच दिसेना.

"हा लाकूड खात नाही," दीपमाला म्हणाली. "आत बोगदे पाडतो. येताना अंगावर बुरशी घेऊन येतो, ती बोगद्यात लावतो आणि त्या बुरशीवर त्याची पिलावळ जगते. पण बुरशी झाडात पसरली, की पाणी वर चढायच्या वाटा बंद होतात. झाड उभ्या उभ्या तहानेनं मरतं."

"म्हंजी शेती करतोय," कुणीतरी म्हणालं.

"हो. शेतीच म्हणायची."

गर्दीत थोडा वेळ आदराची शांतता पसरली.

"आन आला कुठनं ह्यो?"

"मूळचा बाहेरच्या देशातला. पॅकिंगच्या फळ्यांतून, जळणाच्या लाकडांतून फिरतो. इथं नक्की कसा आला, ते मला सांगता येणार नाही."

दीपमालाला सांगता येत नव्हतं, पण गावाला येत होतं. सगळ्यांनी तानाजीकडं बघितलं. त्यानं कारखान्यातल्या मशीनच्या खोक्यांच्या फळ्या आणून कोंबड्यांचं खुराडं केलं होतं. "त्या फळ्या जुन्या हायत्या," तानाजी म्हणाला. दीपमालानं खुराडं नीट तपासलं आणि त्यात काही सापडलं नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तरी तानाजीनं ते त्याच संध्याकाळी जाळलं. त्या हिवाळ्यात त्याच्या कोंबड्या घरात कॉटखाली राहिल्या.

दीपमालानं उपाय सांगितला तो असा. ज्या झाडाच्या खोडात कीड पसरली, ते कापायचं. त्याचा बारीक चुरा करायचा, तो उन्हात प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवायचा, म्हणजे आतले भुंगेरे उष्णतेनं मरतात. एक काटकीही घरी न्यायची नाही. परवानगीचं ती बघेल.

"फांद्या छाटून भागंल का?" सुभेदारांनी विचारलं.

"फांदीतच असेल तर भागेल. खोडात गेलं असेल, तर तुम्ही सांभाळत बसाल आणि ते शेजारच्या झाडाला जाईल."

सुभेदारांना हे पटलं. फौजेत त्यांनी गोवराची साथ बघितली होती आणि अख्खी बराक वेगळी काढलेली बघितली होती. त्यांनी लाल रंगाचा डबा आणला आणि शिवतेजच्या गुलमोहरावर फुली मारली.

साळूबाई झाडाखाली येऊन बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. नुसती बसली, आणि संध्याकाळी स्वयंपाकाला घरी गेली, आणि सकाळी परत येऊन बसली. शिवतेजचा फोन बरेच दिवस लागत नव्हता. वर रेंज नसते हे तिलाही ठाऊक होतं.

"मी कापू नगा म्हणत न्हाई," ती म्हणाली. "तो खाली उतरू दे. त्याचा आवाज ऐकू दे. मग कापा."

"वयनी, झाडाचा आन त्याचा काय संबंध न्हाई."

"व्हय. मलाबी म्हाईत हाय." ती जागची हलली नाही.

सुभेदारांनी घरून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. एक तिला दिली, एकीवर आपण बसले.  रस्त्यानं जाणारे येणारे दोघांना रामराम घालायचे. करवतवाला दोनदा येऊन परत गेला.

फोन आला तेव्हा दुपार होती. साळूबाईनं फोन कानाला लावला आणि बराच वेळ फक्त व्हय, व्हय म्हणत राहिली. मग तिनं झाडाचं सांगितलं. पलीकडून शिवतेज काय बोलला ते सुभेदारांनाही ऐकू आलं, कारण तो पोरगा फोनवर नेहमीच ओरडून बोलायचा.

"आये, काप की. झाडावर आमचं नशीब आसतं, तर तानाजी आत्तापातूर जनरल झाला असता."

साळूबाई हसली. मग पदरानं डोळे पुसले, खुर्ची उचलली आणि बाजूला झाली.

गुलमोहरानंतर दोन सिल्व्हर ओक गेले, मग एक शिरीष, मग आणखी एक गुलमोहर. सुभेदार रोज सकाळी प्रत्येक खोडावरून हात फिरवायचे आणि भोकं सापडली की फुली मारायचे. रदबदली त्यांनी कुणाची ऐकली नाही. एका घरानं पोराची पाटी रोगट झाडावरून काढून शेजारच्या चांगल्या झाडाला ठोकली. सुभेदारांनी ती परत मूळ जागी नेली आणि त्या घरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, "बदली अशी परस्पर होत न्हाई." कापलेल्या झाडाची पाटी ते स्वतः उतरवून त्या त्या घरी पोचवायचे. तानाजीच्या करंजाला काही झालं नव्हतं. भुंगेरा करंजाला टोचून बघतो, पण बुरशी तिथं धरत नाही, अजून तरी, असं दीपमाला म्हणाली. गावाला ही गोष्ट जरा जड गेली.

सगळ्यात मोठं झाड होतं एस.टी. थांब्यावरचं. शिरीष. पाटीवर 'वीरधवल लालासाहेब जगताप' असं होतं.

वीरधवल सुभेदारांचा एकुलता पोरगा. फौजेत ड्रायव्हर होता. सिक्कीमला पावसात रस्ता खचला आणि त्याची गाडी खाली गेली. पेटी गावात आली तेव्हा सुभेदारांनी कडक सलाम ठोकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला फाट्यापर्यंत चालून आले. त्यांची बायको आधीच गेली होती, ते बरं झालं असं लोक म्हणायचे. सुभेदार शिरीषाखाली कधी रेंगाळायचे नाहीत. झाडाशी बोलणाऱ्यातले ते नव्हते. वाळवी बघायची, पाटी सरळ आहे का बघायची आणि पुढं जायचं.

पौषातल्या एका सकाळी ते पाटी बघायला वर मान करून उभे राहिले, तेव्हा पाटीच्या वर हातभर अंतरावर त्यांना भुशाची शेवई दिसली. मग आणखी एक. मग बऱ्याच. थांब्यावर लोणंदची गाडी उभी होती. कंडक्टरनं विचारलं, "सुभेदार, येताय का?" ते न्हाई म्हणाले आणि घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी विचार केला. मोठी झाडं तग धरतात असं दीपमाला एकदा म्हणाली होती. खरं म्हणजे ती म्हणाली होती, की मोठी झाडं मरायला जास्त वेळ घेतात आणि तोवर आजूबाजूला भुंगेरे पुरवत राहतात. सुभेदारांच्या लक्षात त्यातला पहिला भाग राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेरू आणि चुना आणला. सव्वीस जानेवारी जवळ आलीय, रस्ता नीट दिसला पाहिजे, असं त्यांनी सरपंचांना सांगितलं. उरलेल्या सगळ्या झाडांना त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टे मारले. खाली गेरू, वर चुन्याची कड. शिडीही आणली होती. झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांनी रस्त्याचं कौतुक केलं.

आठवडाभरानं सुभेदार थांब्याजवळच्या कठड्यावर बसले होते. साळूबाई शेतातून परत येत होती. ती थांबली, डोक्यावरचा भारा खाली ठेवला आणि झाडाकडं बघत उभी राहिली.

"भावजी, गेरू लय वर गेलाय."

"डबा उरला हुता."

"बाकीच्या झाडांना कमरंएवढाच हाय."

 साळूबाई कठड्यावर बसली. पायातला काटा बघितल्यासारखं करून तिनं टाच चोळली.

"मी कुणाला सांगायची न्हाई," ती म्हणाली.

"सांगण्यासारखं काय हाय त्यात?"

"न्हाई. तसं काय न्हाई." थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझ्या झाडाला तुमी लय दिस दिलं न्हाईत. तुमचं खरं हुतं. मला राग न्हाई त्याचा. पर माझा पोरगा फोनवर बोलला तरी. तुमाला कोण फोन करणार?"

एवढं बोलून ती उठली. भारा डोक्यावर घ्यायला सुभेदारांनी हात लावला. ती गेली.

तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. सुभेदारांची झोप मात्र त्यानंतर नीट झाली नाही. सकाळी ते बाकीच्या झाडांवरून हात फिरवायचे आणि शिरीषाजवळ आले की हात खिशात घालायचे. भिंतीकडं बघत बसण्याची सवय त्यांना कधी नव्हती, ती लागली. तानाजी एकदा म्हणाला, "सुभेदार, तब्येत बरी न्हाई का? पट्टं मारताना लय वर चढला हुता तुमी." त्याच्या मनात काही नव्हतं. पण सुभेदारांनी त्यानंतर दोन दिवस तानाजीच्या समोर यायचं टाळलं.

शिरीषाच्या पलीकडं रेश्माचं झाड होतं. गावातून भरती झालेली ती पहिली पोरगी. तिचंही शिरीषच. वीरधवलच्या झाडाच्या शेंगांतून पडलेल्या बीचं रोप तिनं स्वतः मागून घेतलं होतं. झाड अजून मनगटाएवढं होतं. तिची आई त्याला साडीच्या पदरानं पुसायची, एवढाच अतिरेक त्या रस्त्यावर सुभेदारांनी खपवून घेतला होता. फाल्गुनात त्या मनगटाएवढ्या खोडावर एक भोक दिसलं. सुभेदारांनी नखानं भुसा काढला. खाली ओलं होतं.

ते घरी जाऊन लाल रंगाचा डबा घेऊन आले. रेश्माची आई कळशी घेऊन तिथंच उभी होती. तिनं डब्याकडं बघितलं आणि कळशी खाली ठेवली.

सुभेदारांनी ब्रश डब्यात बुडवला. बराच वेळ ते रेश्माच्या झाडासमोर उभे राहिले, इतका की ब्रशवरचा रंग त्यांच्या चपलेवर ओघळला. मग ते वळले, वीरधवलच्या झाडाकडं गेले आणि गेरूच्या पट्ट्यावर, होईल तेवढ्या उंच हात करून, मोठी फुली मारली. मग परत येऊन रेश्माच्या झाडावर लहानशी मारली.

"त्याला कवा झालं?" रेश्माच्या आईनं विचारलं.

"पौषात."

तिनं मनातल्या मनात महिने मोजले असावेत.  कळशीतलं पाणी तिनं झाडाला घातलंच नाही. उचलून घरी नेलं. ते सुभेदारांना सगळ्यात जास्त लागलं.

कापायच्या दिवशी दीपमाला आली. झाड मोठं असल्यानं वरून फांद्या उतरवत यावं लागणार होतं. सुभेदार पाटी काढायला गेले. वरचा खिळा निघाला, खालचा निघेना. झाड वाढताना पाटीचा खालचा भाग सालीनं गिळला होता. त्यांनी पत्रा कापायची कात्री मागवली आणि बाहेर राहिलेला भाग कापून घेतला. त्यावर 'वीरधवल' एवढंच आलं. बापाचं नाव खोडात राहिलं.

साळूबाई दोन खुर्च्या घेऊन आली. एक तिनं सुभेदारांच्या मागं ठेवली.

"बसा."

"उभा हाय ते बराय."

"बसा म्हणते ना."

ते बसले. करवत सुरू झाली. मधेच एस.टी. आली, तेव्हा सुभेदारांनी हात वर करून करवत थांबवली, गाडी जाऊ दिली आणि पुन्हा हात खाली केला. फांद्या पडत होत्या तसतसं थांब्यावर ऊन येत होतं. शेवटचा बुंधा पडला तेव्हा जमीन हलली आणि कुत्री भुंकली. त्याच्या कापावर काळपट डाग आरपार गेलेला होता. दीपमाला तो बघून म्हणाली, "अजून वर्षभरात हे आपणहून पडलं असतं. थांब्यावर माणसं असताना." सुभेदारांनी मान हलवली. त्यांचे डोळे कोरडे होते, पण तोंड थोडं उघडं राहिलं होतं आणि ते मिटायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. साळूबाईनं त्यांच्याकडं न बघता त्यांच्या हातावर हात ठेवला आणि चुरा करायचं मशीन सुरू झालं, तेव्हा काढून घेतला.

चुरा उन्हाळाभर प्लॅस्टिकखाली राहिला. त्यावर पहारा सुभेदारांनी ठेवला. थांब्यावर सावली उरली नाही म्हणून गाडी आता तानाजीच्या करंजाखाली उभी राहते. पावसाळ्यानंतर नवीन फुल्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. रेश्मा सुट्टीवर आली तेव्हा तिनं चिंचेचं रोप लावलं. तिच्या आईनं सुभेदारांशी बोलणं त्यानंतर हळूहळू सुरू केलं, आधी पाण्याबद्दल, मग बाकीचं.

दिवाळी झाल्यावर दीपमालाचा फोन आला. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटसमोर जुना शिरीष होता, तोही लागला होता. कामगार कापू देत नव्हते. सगळ्यांच्या मोटारसायकली त्याच्याखाली लागायच्या.

"समजावून सांगा की त्यांना," सुभेदार म्हणाले.

"सांगितलं. त्यात माझे वडीलच पुढं आहेत, काका. ते लेथवर आहेत तिथं. झाड त्यांनी लावलंय. मी काही बोलले की म्हणतात, तू जेवलीस का?"

सुभेदार एस.टी.नं सांगलीला गेले आणि तिथून रिक्षानं कुपवाडला. शिफ्ट सुटायची वेळ होती. दीपमालाचे वडील, कोंडीबा, गेटमधून हात पुसत बाहेर आले. सुभेदारांनी झाडाचं खोड बघितलं आणि भोकांवरून बोट फिरवलं. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. दोघं झाडाखाली एका मोटारसायकलला टेकून उभे राहिले. दीपमाला लांब थांबली.

"पोरीनं धाडलं व्हय तुमाला?" कोंडीबांनी विचारलं.

"व्हय."

"तिला वाटतं मला समजत न्हाई. समजतंय मला." त्यांनी चहा संपवला. "तुमच्यात बी एक मोठं कापलं म्हणं."

"व्हय. माझ्या पोराचं."

कोंडीबांनी पोराबद्दल विचारलं नाही. सुभेदारांच्या तोंडावरूनच त्यांना काय ते कळलं असावं.

"कापल्यावर काय झालं?"

सुभेदारांनी विचार केला. "ऊन लागाया लागलं," ते म्हणाले. "पहिलं काय दिस मी तिकडनं गेलोच न्हाई. मग जाया लागलो."

कोंडीबांनी वर फांद्यांकडं बघितलं. गेटमधून पोरं बाहेर पडत होती, सीटवरचा पाला झटकत होती, गाड्यांना किक मारत होती.

"कवा कापायचं म्हणती ती?"

"उद्या."

"उद्या फर्स्ट शिफ्ट हाय माझी."

"मग दुपारनंतर कापू. मी हाय हितं."

"राहणार कुठं तुमी?"

"बघू कुठंतरी."

"बघू काय," कोंडीबा म्हणाले. "घरी चला. पोरगी जेवली का इचारतो आधी." आणि त्यांनी लांब उभ्या असलेल्या दीपमालाला हात करून बोलावलं.